गुडघे सांभाळून ग्रेट सॉल्ट लेक: मुलांकडे युटाला आलेल्या आईबाबांसाठी

मुलगा युटा राज्यात लेटन गावी राहतो. त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पश्चिमेला पाहिलं की घरांच्या छपरांपलीकडे एक पांढुरकी पट्टी दिसते. पहिल्यांदा आलो तेव्हा मला ते धुकं वाटलं. दुपारचे बारा वाजले तरी हटेना, तेव्हा मुलाला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, धुकं नाही ते. ग्रेट सॉल्ट लेक. मिठाचं तळं."

माझं लहानपण उरणकडच्या मिठागरांवर गेलं. वडील आगरावर मजुरी करायचे. पुढे मी पोस्टात लागलो आणि ३३ वर्षं टपाल वाटत फिरलो, अर्धी पायी, अर्धी सायकलवर. मीठ आणि चालणं, मला कळतं ते एवढंच, आणि दोन्ही गोष्टी खिडकीबाहेर आयत्या होत्या. तरी पहिल्या खेपेचा दीड महिना मी सोफ्यावर काढला. सुरुवात कुठून करायची ते सांगणारं कुणी नव्हतं. मुलाचे मित्र भले, पण सुचवायचे ते डोंगरच. माझा उजवा गुडघा माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झालाय, आणि सौ.चे तर दोन्ही.

आता आमच्या चार खेपा झाल्या. दर वर्षी मुलाच्या ओळखीत कुणाचे तरी आईबाबा येतात आणि फोनवर तेच प्रश्न विचारतात. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. यातल्या बहुतेक वाटा मी आणि सौ. दोघंही चाललोय. जी नाही चाललो ती तसं सांगूनच लिहिली आहे.

आधी तळं समजून घ्या

वाटांची यादी वाचायच्या आधी हे वाचा, नाहीतर माझ्यासारखे फसाल.

बेअर, वीबर आणि जॉर्डन या तीन नद्या तळ्यात येतात. बाहेर एकही जात नाही. आपल्याकडे खारबंदिस्तीला उघाडी असते, पाणी आत-बाहेर करायला. इथे आत यायची दारं आहेत, बाहेर जायचं दार नाही. पाणी जातं ते उन्हाने, आणि नद्यांनी आणलेलं मीठ मागे राहतं. समुद्राच्या पाण्यात साडेतीन टक्के मीठ असतं. इथे दक्षिणेकडच्या भागात त्याच्या तीन-चार पट असतं, आणि उत्तरेकडे तर इतकं की पाण्याला आणखी मीठ पेलवत नाही.

दुसरी गोष्ट, तळं अवाढव्य आहे पण उथळ. पाणी सरासरी पातळीला असेल तेव्हा विस्तार ४,४०० चौरस किलोमीटरच्या आसपास आणि सगळ्यात खोल जागा ३३ फूट. परातीत ओतलेलं पाणीच म्हणा. परात जराशी कलली तर काठ कुठल्या कुठे जातो, तसं इथे पाणी फूटभर उतरलं की काठ लांबच्या लांब मागे सरकतो. १९८३ मध्ये तळं एवढं चढलं की तळ्यातल्या अँटिलोप आयलंड या बेटाकडे जाणारा रस्ता बुडाला आणि तिथलं उद्यान थेट १९९३ मध्ये पुन्हा उघडलं. उलट २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये नोंदी ठेवायला लागल्यापासूनची सगळ्यात खालची पातळी लागली. त्यामुळे नकाशावर निळा रंग आहे तिथे पाणी असेलच असं नाही.

म्हणून पहिला नियम: "पाण्यापर्यंत जाऊन येऊ" असं ठरवून निघायचं नाही. पाणी समोर दिसतं, हवा इतकी स्वच्छ की दोन मिनिटांवर वाटतं, आणि अर्धा तास चाललं तरी ते तेवढंच लांब असतं. पहिल्या वर्षी ब्रिजर बे नावाच्या किनाऱ्यावर मी वाट सोडून सरळ पाण्याकडे निघालो. वरून पांढरी, भेगाळलेली, कडक खपली. पंधरा-वीस पावलं ठीक गेली आणि मग खपली फुटून उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत आत. खाली काळा चिखल, सडक्या अंड्यासारखा वास. पाय निघाला, बूट राहिला. सौ. मागून ओरडतेय, "खाजणात जन्म गेला आणि इथे येऊन रुतलात!" बूट उपसून काढला, पण आठ दिवस मुलाने तो गाडीत ठेवू दिला नाही. वाळू असेल तिथे बिनधास्त चाला. पांढरी खपली आणि तिच्याखाली ओल दिसली की मागे फिरा.

बरोबर काय घ्यायचं

तळ्याचा काठ ४,२०० फुटांवर आहे, म्हणजे साधारण पाचगणीच्या उंचीवर. पण पाचगणीची झाडी इथे नाही. बेटावर सावली म्हणून जवळजवळ काहीच नाही. आणि हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही. आपल्याकडे सदरा ओला झाला की माणूस थांबतो, पाणी पितो. इथे सदरा कोरडाच राहतो आणि डोकं दुखायला लागतं. टोपी काढून पाहिली तर आतल्या कडेला पांढरी रेघ. मी सौ.ला म्हटलं, बघ, आपल्यावरच मीठ पिकायला लागलं.

तेव्हा माणशी निदान दीड-दोन लिटर पाणी, तासभराच्या वाटेलासुद्धा. तहान लागायची वाट न बघता दर दहा मिनिटांनी दोन घोट. सौ.च्या बी.पी.च्या गोळ्यांत एक लघवी वाढवणारी आहे. निघायच्या आधी आम्ही गावच्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं, तुम्हीही विचारा. खायला शेंगदाण्याची चिक्की आणि कोरडा चिवडा. केळी नेऊ नका, गाडीत काळी पडतात.

रुंद कडेची टोपी आणि गॉगल हवेतच, कारण पांढऱ्या जमिनीवरून ऊन खालूनही मारतं. बूट बंद, घोटा धरणारे. मोजे पातळ नकोत. बेटभर एक वाळकं गवत आहे, त्याची कुसळं अशी घुसतात की आपली माळावरची कुसळं बरी म्हणावीत. पॅन्ट लांब घाला. सौ. पंजाबी ड्रेसवर चालते, पण सलवार घोट्याशी घट्ट असलेली. एक काठी घ्या, चढापेक्षा उताराला तिची गरज जास्त. आणि हसू नका, पण एक रिकामी बाटली पाण्याने भरून वेगळी ठेवा. वाटांच्या सुरुवातीला बांधलेले संडास असतात, स्वच्छ असतात, पण खड्ड्याचे. आत पाण्याचा नळ नसतो.

पाट्यांवर अंतर मैलात असतं. दीडपटीहून थोडं जास्त केलं की किलोमीटर. पाटीवरचा आकडा एका बाजूचा आहे की जाऊन-येऊन, ते नीट वाचा. आमची पहिली भांडणं याच्यावरून झाली.

बेटावर बस जात नाही. म्हणजे मुलाच्या किंवा सुनेच्या शनिवार-रविवारवर आपण अवलंबून. उद्यानाचं शुल्क गाडीमागे घेतात, तेव्हा शेजारच्या कुणाचे आईबाबा आले असतील तर त्यांनाही घ्या.

मे महिन्यात उतरलात तर

बहुतेक आईबाबा इथली थंडी चुकवून एप्रिल-मेमध्ये येतात. आल्याआल्या उत्साह असतो, आणि मुलं पहिल्याच रविवारी अँटिलोप आयलंडला नेतात. नेऊ देऊ नका. एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत बेटावर चिलटं असतात. दिसत नाहीत इतकी बारीक, पण चावतात अशी की कानामागे आणि केसांच्या कडेला आठवडाभर गांधी राहतात. डासांचं नेहमीचं मलम त्यांना फारसं रोखत नाही. लोक डोक्यावरून जाळी घालून फिरतात, मधमाश्या काढायला निघाल्यासारखे. कडक ऊन सुरू झालं की चिलटं आपोआप जातात.

तोवर बेटाचा नाद सोडा आणि लेटनच्याच पश्चिम टोकाला शोरलँड्स प्रिझर्व्ह आहे तिथे जा. 'नेचर कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेने राखलेली ही दलदल. गोडं पाणी खाऱ्याला भेटतं अशी जागा, आपल्या खाडीच्या मुखासारखी. दलदलीवरून साधारण मैलभर लाकडी फळ्यांची वाट केली आहे. चढ नाही, उतार नाही, चाकाची खुर्चीही जाते. मधे ३० फुटांचा एक मनोरा. वर जायला चढ आहे, पण सोपा. गुडघेदुखीवाल्यांनी पहिली चाल इथलीच करावी, म्हणजे कोरड्या हवेत आपला श्वास किती पुरतो ते कळतं.

पक्षी बघायला इथे दुर्बीणसुद्धा लागत नाही. शेकाट्या तुम्ही आपल्या खाडीवर पाहिला असेल, काळा-पांढरा, लाल काटकुळ्या पायांचा. त्याचा अमेरिकी भाऊ इथे आहे, आणि वर वळलेल्या चोचीचा उचाट्याही. इथल्या उचाट्याचं डोकं-मान विणीच्या काळात विटकरी असते. शराटीही दिसतो. आम्ही पोस्टातले निवृत्त लोक, आम्हाला येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवायची सवय. सौ.ने वहीच घातली आहे. संध्याकाळी मात्र इथे डास, म्हणून सकाळीच जा.

कुणी हिवाळ्यातही राहणार असेल तर फार्मिंग्टन बे लक्षात ठेवा. फेब्रुवारीच्या सुमाराला पांढऱ्या डोक्याचे गरुड तिथे बर्फावर येऊन बसतात. सपाट वाट, गाडीतून उतरलं की लगेच पक्षी. आम्ही एकदाच राहिलो होतो त्या दिवसांत. थंडीने माझे दात वाजत होते आणि सौ. मोजत होती.

जूनच्या शेवटापासून: बेट

सिराक्यूज गावातून तळ्यात सात मैलांचा बांधरस्ता जातो, सरळ अँटिलोप आयलंडवर. वाटेत एक वास येईल. मुलं काचा वर करतात. मला तो वास घरचा वाटतो, ओहोटीच्या वेळच्या खाडीचा. नाक मुरडणाऱ्यांना सांगा, दहा मिनिटांत सवय होते.

बेटाचं नाव १८४५ मध्ये पडलं. जॉन फ्रेमाँट आणि किट कार्सन इथे आले, त्यांनी प्राँगहॉर्न नावाचे हरणासारखे प्राणी मारून खाल्ले आणि त्या उपकारापोटी बेटाला नाव दिलं. शास्त्राप्रमाणे ते अँटिलोप नव्हेतच. पण नाव राहिलं ते राहिलं.

जुलै-ऑगस्टमध्ये इथे यायचं तर सकाळी सहाला फाटक उघडतं तेव्हा आत शिरायचं आणि नऊला परत. दुपारी पारा ३५ च्या वर जातो. दुपारनंतर कधीकधी गडगडाटी ढगही येतात. उघड्या माळावर सगळ्यात उंच वस्तू आपण असतो, हे विसरू नका. पहिला गडगडाट ऐकला की गाडीत.

पहिली वाट लेडी फिंगर पॉइंट. बेटाच्या वायव्य टोकाला, जेमतेम पाव मैलाच्या आसपास, जवळजवळ सपाट. शेवटची थोडी पावलं खडकांवरून आहेत. तिथे मी सौ.ला थांबवतो, कारण खरी मजा खडकाच्या टोकाला नाही, अलीकडेच आहे. समोर एग आयलंड नावाचं चिमुकलं बेट, त्यावर पाणपक्षी. खाली पाणी ओसरलं असेल तर करड्या रंगाचे, घुमटासारखे दगड दिसतील. ते दगड सूक्ष्मजीवांनी रचलेले असतात, त्यांच्यावर चढू नका. तळ्याची सगळी खानावळ त्यांच्यापासून सुरू होते. त्यांच्यावरचं शेवाळ माश्यांच्या अळ्या खातात, माश्या आणि मिठातली बारीक कोळंबी पक्षी खातात. मासा मोठ्या तळ्यात टिकत नाही. त्या कोळंबीची अंडी थंडीच्या तोंडाला बोटींनी गोळा करून जगभरच्या कोळंबी बीजोत्पादन केंद्रांना विकतात. हे ऐकल्यावर माझी मान जरा वर झाली. म्हटलं, चला, इथेही खाऱ्या पाण्यावर पोट भरणारे लोक आहेत.

माश्यांवरून आठवलं. उन्हाळ्यात पाण्याच्या कडेला काळी पट्टी दिसेल. चिखल समजू नका, लाखो माश्या बसलेल्या असतात. चावत नाहीत, अंगावर येत नाहीत. पाऊल टाकलं की घोंगडं सरकावं तशा बाजूला होतात. नातवाचा हा आवडता खेळ. उन्हाळा सरता सरता खडकांवर आणि कठड्यांवर मोठ्ठे कोळी जाळी विणतात, तेही निरुपद्रवी. कठड्याला हात लावायच्या आधी बघायचं एवढंच.

लेडी फिंगर झाल्यावर जवळच्या ब्रिजर बे किनाऱ्यावर वाळूतून चाला, जितकं जमेल तितकं. (हो, तोच, जिथे माझा बूट राहिला. वाळू सोडू नका.) इथली वाळू मूठभर घेऊन नीट बघा. दाणे खसखशीसारखे गोल आणि गुळगुळीत. समुद्राची वाळू दगड झिजून होते, ही वाढून झालेली आहे. मधे एखादा बारीक कण, बऱ्याचदा त्या कोळंबीची विष्ठाच, आणि त्यावर चुन्याचे थरावर थर. संक्रांतीचा हलवा करताना तिळावर पाकाचे थर चढतात ना, अगदी तसं. सौ.ला हे सांगितलं तर ती म्हणाली, काटा मात्र नाही आला. पाण्यात तरंगायची हौस असेल तर अंगावर खरचटलेलं काही नाही ना ते आधी बघा, आणि पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका. अंग धुवायला किनाऱ्यावर शॉवर आहेत, पण पाणी मागे गेल्यापासून ते बरेच लांब पडतात. तेवढं अंतर अंगावर मीठ वाळत चालावं लागतं. लहानपणी आगरावरून घरी यायचो तसं.

दुसरी वाट बफेलो पॉइंट. अंतर अर्धा मैल धरा, पण चढ आहे. सावकाश गेलं तर वीस-पंचवीस मिनिटं. काठी घ्या. वर पोचलात की दम खात पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या डोंगरांकडे बघा. त्यांच्या अंगावर आडव्या, एका पातळीतल्या रेघा दिसतील, कुणी बांध घातल्यासारख्या. ते जुने किनारे. शेवटच्या हिमयुगात इथे बॉनव्हिल नावाचं तळं होतं, जवळपास हजार फूट खोल, आणि डोंगरांच्या कंबरेला त्याच्या लाटा लागत होत्या. आजचं तळं म्हणजे त्या परातीत उरलेला तळाचा घोट. तुम्ही उभे आहात ती जागाही तेव्हा पाण्याखाली होती.

बेटाचे खडक तर त्याहून कितीतरी जुने. काही पावणेदोन अब्ज वर्षांच्या पलीकडचे. आपला सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे यांच्यापुढे पोरच.

गव्यांशी कसं वागायचं

बेटावर बायसन आहेत. इथले लोक बफेलो म्हणतात, पण म्हैस डोक्यात आणू नका. आपल्या गव्याचा चुलतभाऊ समजा. १८९३ मध्ये बोटीतून बारा आणले, आज काही शे आहेत. ऑक्टोबरच्या शेवटाला घोडेस्वार सगळा कळप हाकून गोठ्यात आणतात, लसटोचणी होते, जास्तीचे विकतात. तो दिवस बघण्यासारखा असतो, पण गर्दी फार.

पोस्टमनला कुत्र्यांचं भय नसतं असं लोक समजतात. चूक. पोस्टमनला भय असतं म्हणून तो ३३ वर्षं टिकतो. तेच इथे. बायसन शांत चरत असतो, बैलासारखा दिसतो, आणि माणसापेक्षा कितीतरी जोरात पळतो. वाटेवर बसला असेल तर वाट त्याची. लांबून मोठा वळसा घाला, किंवा सरळ परत फिरा. शेपूट वर उभी केली, पायाने माती उकरली की आपण फार जवळ आलोय. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टभर माज असतो, तेव्हा नर तापलेले असतात. एकदा एका वळणावर झुडपाआडून थेट तीस-चाळीस पावलांवर एक निघाला. मी सौ.चा हात धरून मागे मागे सरकलो. पाठ दाखवली नाही, धावलो नाही. त्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आमचा मात्र गाडीत बसल्यावर पाच मिनिटं आवाज फुटला नाही.

सापही आहेत, शेपटी वाजवणारे. वाटेवरून चाला, दगडांच्या फटीत हात घालू नका, कानांत गाणी लावू नका. बेटाच्या पश्चिमेकडे फोनला रेंज मिळेलच असा भरवसा धरू नका. कुठे जातोय ते घरी सांगून निघा.

सप्टेंबर-ऑक्टोबर: खरे दिवस

ऊन उतरतं, चिलटं नसतात, गवत पिवळं होतं. सहा महिन्यांतले हे सहा आठवडे राखून ठेवा. नातवाचा वाढदिवस, खरेदी, लास वेगास वगैरे सगळं आधी उरकून घ्या.

या दिवसांतली माझी लाडकी वाट बेटाच्या पूर्वेची, माउंटन व्ह्यू. पूर्ण वाट ११ मैलांहून लांब आहे, पण ती पूर्ण करायचीच नाही. बांधरस्ता संपल्यावर गाडीने दक्षिणेला ११ मैलांवर फील्डिंग गार रँच आहे. १८४८ मध्ये बांधलेलं कच्च्या विटांचं घर, १९८१ पर्यंत त्यात माणसं राहत होती. शेजारी गोड्या पाण्याचा झरा, म्हणून झाडं. बेटावरची खरी सावली म्हणावी तर हीच. मेंढ्यांची लोकर कातरायची मोठी वखार आहे, घोडागाड्या आहेत. आमची सौ. चुलीपाशी अर्धा तास रमली. घर संध्याकाळी लवकर बंद होतं, म्हणून आधी घर बघा आणि मग चालायला लागा.

रँचपासून वाट उत्तरेला निघते. डावीकडे डोंगर, उजवीकडे सपाट खारवट जमीन आणि पलीकडे वॉसॅच पर्वताची रांग, ऑक्टोबरात तिच्या माथ्यावर पहिला बर्फ. चढ असा नाहीच. घड्याळ लावा, चाळीस मिनिटं चाला, मागे फिरा. कुठे पोचायचं नसलेली वाट आम्हा म्हाताऱ्यांना सगळ्यात सोयीची. टपालाच्या बीटवर शेवटचं घर यायचंच, इथे नाही येत. झाडांत मोठी शिंगवाली घुबडं बसतात, त्यांनी ओकून टाकलेल्या केस-हाडांच्या गोळ्या खाली दिसल्या तर मान वर करून शोधा.

जरा लांब चालायची तयारी असेल तर लेकसाइड ट्रेल. ब्रिजर बेपासून व्हाइट रॉक बेपर्यंत, एका बाजूने पावणेतीन-तीन मैल, बफेलो पॉइंटच्या पायथ्याला वळसा घालून तळ्याच्या कडेकडेने. मधे थोडे दगड आहेत, बाकी सोपी. युक्ती अशी की मुलाने आपल्याला एका टोकाला सोडायचं आणि गाडी घेऊन दुसऱ्या टोकाला थांबायचं. अंतर निम्म्यावर येतं. सूर्यास्ताच्या दोन तास आधी निघालात तर सूर्य शेवटपर्यंत पाण्यावर असतो.

फ्रेरी पीकचं नाव तुम्हाला कुणीतरी सांगेलच. बेटाचं सगळ्यात उंच टोक, ६,५९६ फूट. जाऊन-येऊन सात मैलांच्या आसपास, दोन हजार फुटांहून जास्त चढ. मुलगा जाऊन आला, फोटो दाखवले, छान आहेत. आम्ही घरी बसून बघितले.

एक दिवस मोकळा काढून: स्पायरल जेटी

हे चालणं थोडं, प्रवास जास्त. लेटनहून तळ्याच्या उत्तर टोकाला दोन तासांच्या आसपास. आधी गोल्डन स्पाइक लागतं. १० मे १८६९ ला पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेली रेल्वे तिथे जोडली गेली. तिथे संडासला जाऊन घ्या आणि पाण्याच्या बाटल्या भरा, कारण पुढे १५-१६ मैल खडीचा रस्ता आहे आणि पुढे काहीच मिळत नाही. पाऊस पडून गेला असेल तर बेत पुढे ढकला.

रॉबर्ट स्मिथसन नावाच्या कलावंताने १९७० मध्ये इथे तळ्यात काळे दगड आणि माती टाकून १,५०० फूट लांब, १५ फूट रुंद अशी वेटोळी वाट केली. शंखाच्या पोटातल्या वळणासारखी. हीच स्पायरल जेटी. दोनेक वर्षांत ती बुडाली, आणि २००२ च्या सुमाराला पुन्हा बाहेर आली. आता पाणी मागे गेलंय आणि ती कोरड्यात पडली आहे. गाडीतळापासून थोडा दगडाळ उतार, तिथे काठी हवी. मग सपाट. वेटोळ्यावरचे दगड हलतात, म्हणून त्यांच्या शेजारून वाळूतून चालायचं. मधल्या टोकापर्यंत जाऊन परत यायला किलोमीटरभरही होत नाही.

दगड बेसाल्ट आहे. मी खाली बसून हात लावला, रायगडाच्या वाटेवरचा लावावा तसाच लागला. फक्त कडांना मीठ धरलेलं, चौकोनी स्फटिकांचं. पुढे पाणी गुलाबी. फसवा गुलाबी नाही, चांगला गुलकंदाच्या पाकासारखा. १९५९ मध्ये तळ्यातून रेल्वेसाठी भराव घातला, त्याने उत्तरेचा भाग तोडला गेला. गोडं पाणी तिकडे फारसं पोचत नाही, मीठ वाढत गेलं, आणि त्या मिठात फक्त रंगीत सूक्ष्मजीव टिकले. २०२० च्या जूनमध्ये आपलं लोणार सरोवर गुलाबी झालं होतं ते आठवतं? तिथेही पाणी कमी होऊन खारटपणा वाढला होता आणि कारण याच जातीचे मीठ-प्रेमी जीव निघाले.

वडील सांगायचे, आगरात मीठ पिकायला आलं की पाण्याला लाली चढते. मला ती गोष्ट त्यांच्या डोळ्यांची वाटायची. तिथे उभं राहून सौ.ला सांगितलं, तर ती म्हणाली, मग फोटो काढा आणि भावाला पाठवा, त्यालाही खोटं वाटायचं.

परतताना दोन कामं. गाडी रस्त्यात कुठेतरी खालून धुऊन घ्यायला मुलाला सांगा, मीठ पत्रा खातं. आणि बूट दारातच काढून, बाहेरच्या नळावर गोड्या पाण्याने धुवा. न्हाणीतल्या टबात धुवू नका. आमच्याकडे यावरून एकदा बोलाचाली झाली आहे.